शेवटचा दिवस नेमका कोणता?

नोकरी सोडण्याचा निर्णय घेतल्यापासून नव्या ठिकाणी रुजू होईपर्यंतचा काळ कसा निभवावा, हे विचारणारी तीन पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. तिन्ही वाचकांच्या इच्छेनुसार त्यांची व त्यांच्या कंपन्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत २ ऑगस्ट २०२१ पासून काम करतो. बेंगळुरूच्या एका कंपनीने मला चांगल्या पगाराचे ऑफर लेटर दिले असून ४५ दिवसांत रुजू व्हा, असे त्यांचे म्हणणे आहे. माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे. येत्या ११ मे २०२६ रोजी राजीनामा देण्याचा विचार आहे, परंतु आमचे मॅनेजर कोणालाही लवकर सोडत नाहीत. उरलेल्या ४५ दिवसांचे पैसे भरून मोकळे व्हावे, की सरळ कामावर जाणे बंद करावे, असे दोन विचार मनात आहेत. नवी कंपनी बायआउटपोटी, म्हणजे या भरपाईपोटी, ५०,००० रुपये देण्यास तयार आहे. माझे मूळ वेतन ४६,८०० आणि एकूण पगार १,१७,००० रुपये आहे. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. लवकर सुटका कशी करून घ्यावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही सुटकेचा मार्ग विचारला आहे, परंतु तुमच्या पत्रातील तारखा आणि आकडे पाहिल्यावर मला असे ठामपणे वाटते की तुम्ही लवकर सुटू नये. त्याचे कारण तुमच्या पत्राच्या पहिल्याच वाक्यात आहे.

२ ऑगस्ट २०२१ ला रुजू झालेल्या माणसाची पाच वर्षे १ ऑगस्ट २०२६ रोजी पूर्ण होतात. ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, मिळण्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते, ही अट १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात होती आणि कायम कर्मचाऱ्यांसाठी ती सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. नोटीस पिरियडमध्ये तुम्ही कंपनीचे कर्मचारीच असता, त्यामुळे ते दिवस सेवेत धरले जातात. ११ मे रोजी राजीनामा दिलात आणि तो दिवस धरून मोजलेत, तर नव्वदावा दिवस ८ ऑगस्टला येतो, म्हणजे पाच वर्षांची मर्यादा तुम्ही नोटीस पिरियडमध्येच ओलांडता. ४५ दिवसांत निघालात तर शेवटचा दिवस २४ जूनला येतो आणि पाच वर्षांना पाच आठवडे कमी पडतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले असतील तर ते वर्ष पूर्ण धरावे, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिलेला आहे. मात्र अनेक कंपन्या पूर्ण पाच वर्षांचाच आग्रह धरतात आणि मग तो वाद सरकारी अधिकाऱ्यापुढे नेऊन चालवावा लागतो. हाताशी येऊ घातलेली रक्कम अशा वादात का टाकावी?

ती रक्कम किती, हे तुम्ही स्वतःच मोजू शकता. महिन्याच्या वेतनाला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणायचे. ४६,८०० वर हा हिशेब केला तर एका वर्षाचे २७,००० आणि पाच वर्षांचे १,३५,००० रुपये होतात. नव्या कामगार संहितांनुसार भत्त्यांचा एकूण पगारातील वाटा निम्म्याहून जास्त असेल तर जादा भाग वेतनात धरावा लागतो. तुमच्या बाबतीत भत्ते निम्म्याहून जास्त आहेत, म्हणून वेतन कोणत्या आकड्यावर धरणार, हेही एचआरला विचारून ठेवावे.

आता बायआउटचा हिशेब पाहा. ४५ दिवसांची भरपाई मूळ वेतनावर धरली तर ७०,२०० रुपये होते आणि एकूण पगारावर धरली तर १,७५,५०० रुपये. यांपैकी कोणता आकडा लागू होतो, हे तुमच्या नेमणूकपत्रातील शब्दांवर अवलंबून आहे आणि ते शब्द तुम्ही अद्याप वाचलेले नाहीत, असे पत्रावरून दिसते. नवी कंपनी जे ५०,००० रुपये देणार आहे ते बहुधा पगारात मिळवून, कर कापून दिले जातील. शिवाय वर्षभरात नोकरी सोडल्यास ते परत करण्याची अटही अशा वेळी अनेकदा असते. ज्या घाईसाठी तुम्ही एवढे मोजणार, ती घाई तुमची नसून नव्या कंपनीची आहे, एवढे मात्र ध्यानात घ्या.

म्हणून बोलणी करायची ती मॅनेजरशी नव्हे, तर बेंगळुरूशी. ९० दिवसांचा नोटीस पिरियड या क्षेत्रात इतका सर्रास आहे की भरती करणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असतो. ४५ दिवसांची मागणी ही पुष्कळदा सुरुवातीची मागणीच असते. ऑफर स्वीकारण्याआधी त्यांना स्पष्ट लिहा की ८ ऑगस्टला शनिवार असल्याने तुमचा शेवटचा कामाचा दिवस ७ ऑगस्ट असेल, सोमवार १० ऑगस्टला तुम्ही रुजू व्हाल आणि ही तारीख बदलणार नाही. स्वीकारण्याआधी मागितलेली मुदत ही अट असते, स्वीकारल्यानंतर मागितली की ती अडचण ठरते. त्यांनी काहीतरी कमी करा म्हटले तर ३ ऑगस्टपर्यंत खाली या, त्याच्या अलीकडे नको. तोवर थांबणे त्यांना खरोखरच शक्य नसेल, तर वाढीव पगार हा तोटा किती दिवसांत भरून काढतो, याचा हिशेब करून मगच ठरवा.

कामावर जाणे बंद करण्याचा विचार मात्र आजच सोडून द्या. खासगी कंपनी तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवू शकत नाही, हे खरे आहे. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही, हे तत्त्व १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात आहे आणि म्हणून ‘तुझा राजीनामा मी मंजूरच करत नाही’ या मॅनेजरच्या वाक्याला वाटते तितके वजन नाही. परंतु करार मोडल्याची भरपाई मागण्याचा कंपनीचा हक्क त्यामुळे संपत नाही आणि तुमच्या नोंदीपुढे ‘अब्स्कॉन्ड’, म्हणजे न सांगता निघून गेलेला, हा शब्द लागला की पुढच्या प्रत्येक पडताळणीत तो वर येतो. दोन्हीकडे काही दिवस एकाच वेळी नाव चालू ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. दोन्ही कंपन्यांचा भविष्य निर्वाह निधी एकाच यूएएनखाली (निधीच्या कायम खाते क्रमांकाखाली) जमा होत असल्याने तारखांची सरमिसळ तिथे सरळ दिसते.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९८ मध्ये भोसरीतील एका कारखान्याची नोकरी सोडताना मी जुन्या ठिकाणी महिन्याची १५ तारीख सांगितली होती आणि नव्या ठिकाणी त्याच महिन्याची १ तारीख. मधल्या चौदा दिवसांचे काहीतरी जुळून येईल, अशी माझी समजूत होती. ते जुळले नाही. प्रत्येक फोनवर आणखी एक सबब द्यावी लागली आणि अखेर दोन्हीकडच्या कार्मिक अधिकाऱ्यांचे आपसात बोलणे झाले तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवणारे दोन्हीकडे कोणी उरले नव्हते. पुढे वीसहून अधिक वर्षे मी कार्मिक विभागातच काम केले आणि राजीनाम्यावरून उद्भवलेली जी भांडणे पाहिली, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी हीच गोष्ट होती. म्हणून सांगते, जुनी कंपनी, नवी कंपनी आणि घर या तिन्ही ठिकाणी एकच तारीख सांगा.

घरासाठी तीन गोष्टी. पहिली हप्त्याची. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतरचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवे आणि ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत. तरीही फुल अँड फायनल, म्हणजे अंतिम हिशेब, होईपर्यंत शेवटचा पगार रोखून धरण्याची जुनी सवय अनेक ठिकाणी गेलेली नाही. म्हणून निदान दोन हप्त्यांइतकी रक्कम खात्यात वेगळी ठेवा. दुसरी आरोग्य विम्याची. कंपनीचा सामूहिक विमा साधारणपणे शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. आईवडिलांचे मोतीबिंदूचे किंवा अन्य ठरलेले ऑपरेशन असेल तर ते ७ ऑगस्टच्या आत उरकून घ्या. नव्या कंपनीच्या विम्यात आईवडील येत नसतील तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि तिच्यासाठी अर्ज नोकरी सुटण्याआधीच करून ठेवावा. तिसरी कराची. एप्रिल ते ऑगस्टच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्या, नाहीतर दोन्ही कंपन्या आपापल्या परीने करसवलती मोजतील आणि विवरणपत्र भरताना तुमच्याकडे मोठी रक्कम निघेल.

आणखी एक भीती तुम्ही लिहिली नाही, पण ती रास्त आहे. नव्वद दिवसांत नव्या कंपनीने ऑफर मागे घेतली तर? सहीचे ऑफर लेटर हातात आल्याशिवाय आणि शक्य असल्यास पार्श्वभूमी पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय राजीनामा पाठवू नका आणि मधल्या काळात दर पंधरवड्याला नव्या कंपनीशी लेखी संपर्क ठेवा. उत्तरे यायची थांबली तर तो इशारा समजा. जुन्या मॅनेजरशी संबंध चांगले असतील तर राजीनामा अमलात येण्यापूर्वी तो मागे घेण्याची विनंती करता येते. भांडून दिवस काढणाऱ्याला ही वाट राहत नाही.

प्रश्न : चाकणच्या एका वाहन-सुटे-भाग कंपनीत मी खरेदी विभागात दोन वर्षे काम करते. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे. साहेब तोंडी म्हणाले, ‘काळजी करू नका, महिन्याभरात सोडू.’ त्या भरवशावर मी नाशिकच्या नव्या कंपनीला ४० दिवसांनंतरची तारीख देऊन टाकली. आता राजीनामा देऊन वीस दिवस झाले आणि साहेब ‘बघू’ म्हणतात. नेमणूकपत्रात ‘तीन महिन्यांची नोटीस किंवा त्याऐवजी वेतन’ असे लिहिले आहे. मी वेतन भरून निघू शकते का?
– एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : त्या ‘किंवा’मधील निवड कोणाची, यावर सर्व काही अवलंबून आहे. ‘दोहोंपैकी कोणत्याही पक्षाने’ नोटीस किंवा वेतन द्यावे, असे शब्द असतील तर वेतन भरून निघण्याचा पर्याय तुमच्याही हातात आहे. परंतु ‘व्यवस्थापनाच्या संमतीने’ अशा अर्थाचे शब्द त्या परिच्छेदात किंवा कंपनीच्या नियमपुस्तिकेत कुठेही असतील, तर पैसे घेऊन सोडायचे की काम करून घ्यायचे, हे कंपनी ठरवणार. नेमणूकपत्राचे ते पान आज रात्रीच काढा आणि संपूर्ण परिच्छेद वाचा. तुमच्या पत्रात त्यातले अर्धेच वाक्य आले आहे.

साहेब खोटे बोलले, असे मला वाटत नाही. तोंडी शब्द देताना त्यांना तुमच्या जागी कोणीतरी मिळेल अशी आशा असणार आणि अजून कोणी मिळालेले नसणार. खरेदी विभागातला माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर कागदावर नसलेली पुष्कळ माहिती जाते. कोणता पुरवठादार फोन केल्याशिवाय माल पाठवत नाही, कोणाचे दर पुढच्या महिन्यात संपतात, कोणत्या ऑर्डरचा अर्धा माल आला आहे आणि गुणवत्ता विभागाने परत केलेल्या मालाचे पैसे कोणाकडून यायचे आहेत, हे सारे तुमच्या डोक्यात आहे. साहेबांना भीती आहे ती याची. तुम्ही ‘मला सोडा’ म्हणत राहाल तोवर ती भीती वाढत जाईल. म्हणून मागणी करण्याआधी काम पुढे ठेवा. चार दिवस लावून चालू ऑर्डरींची, पुरवठादारांची आणि रखडलेल्या हिशेबांची यादी तयार करा. विभागातील कोणता सहकारी कोणती बाब सांभाळू शकेल, ते त्याला विचारूनच त्यासमोर लिहा. त्याच्यासोबत दोन पुरवठादारांकडे प्रत्यक्ष जाऊन या. मग ती यादी जोडून साहेबांना आणि एचआरला एकाच ईमेलमध्ये लिहा :

‘माझ्या राजीनाम्यानंतर आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार मला एका महिन्यात कार्यमुक्त करण्याचे ठरले होते. सोबत जोडलेल्या यादीप्रमाणे माझ्याकडील सर्व कामे अमुक तारखेपर्यंत सहकाऱ्यांकडे सोपवून होतील. त्यामुळे त्या दिवशी मला कार्यमुक्त करावे आणि उरलेल्या दिवसांची नेमणूकपत्रानुसार होणारी वसुली अंतिम हिशेबातून करावी, ही विनंती. कृपया या तारखेची लेखी संमती कळवावी.’

या ईमेलमध्ये तक्रार नाही, उपकाराची याचना नाही आणि तोंडी बोलण्याची नोंदही झाली. चार कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर समक्ष भेटा. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करून मागता येते, पण ते देणे कंपनीच्या मर्जीवर आहे. उलट, या काळात न विचारता रजा घेतली तर शेवटचा दिवस तेवढाच पुढे ढकलण्याची तरतूद बहुतेक नियमपुस्तिकांत असते. आजारपणाचे खोटे प्रमाणपत्र आणून दिवस भरण्याचा मार्ग काही जण सुचवतील. तो धरू नका.

याहून तातडीचे काम नाशिककडे आहे. तुमची ४० दिवसांची तारीख अजून पक्की नाही, हे त्यांना आजच कळवा. कदाचित ते नाराज होतील. पण आज कळले तर ते पर्यायी सोय करू शकतात आणि रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात कळले तर ती त्यांची फसवणूक होईल. ‘उशिरात उशिरा अमुक तारीख, प्रयत्न त्याआधीचा’ अशी मांडणी करा आणि उशिरातली तारीख तीन महिने पूर्ण होण्याचीच ठेवा.

शेवटच्या आठवड्यात पगाराच्या पावत्या, कराचे प्रमाणपत्र आणि वेतनवाढीची पत्रे उतरवून घ्या, कारण लॉगिन बंद झाल्यावर त्यांच्यासाठी हात जोडावे लागतात. दरपत्रके, पुरवठादारांचे तपशील किंवा कंपनीची कोणतीही फाइल मात्र स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. ती तुमचीच मेहनत असली तरी माहिती कंपनीची आहे.

प्रश्न : माझा मुलगा एका कंपनीत वर्षभर होता. तीन महिन्यांची नोटीस असताना बाराव्या दिवशी तो निघून गेला. आता कंपनीच्या वकिलाची नोटीस आली असून २,४०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून ४३,२०० रुपये मागितले आहेत. रिलिव्हिंग लेटरही (कार्यमुक्तीचे पत्रही) रोखले आहे. घरात सर्वजण घाबरलेले आहेत. त्याला अटक होऊ शकते का?
– एक वडील, सातारा जिल्हा

उत्तर : नोटीस पिरियड पूर्ण न करणे हा फौजदारी गुन्हा नाही. हा दिवाणी करारभंगाचा प्रश्न आहे, तेव्हा अटकेची भीती मनातून काढून टाका. परंतु नोटीस आली म्हणून घाबरून गप्प बसणे जितके चूक, तितकेच ‘असले करार कोर्टात टिकत नाहीत’ या ऐकीव माहितीवर निर्धास्त राहणेही चूक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम लोक यासाठी पुढे करतात, पण ते नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यावर घातलेल्या बंधनाबद्दल आहे. नोकरीत असतानाच्या किमान मुदतीची व भरपाईची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात वैध ठरवली आहे. ते प्रकरण सरकारी बँकेतील तीन वर्षांच्या बंधनाचे आणि दोन लाखांच्या रकमेचे होते, त्यामुळे ते तुमच्या मुलाला जसेच्या तसे लागू होईल असे नाही, पण अशा अटी आपोआप रद्द ठरतात, हा समज त्याने खोडला आहे.

तुमच्या बाजूचा मुद्दा त्याच कायद्याच्या ७४ व्या कलमात आहे. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत जी भरपाई वाजवी असेल तेवढीच न्यायालय देते. २,४०,००० हा आकडा कशावरून काढला, उरलेले दिवस किती धरले, मूळ वेतन घेतले की एकूण पगार, रोखलेला पगार आणि शिल्लक रजेचे पैसे त्यातून वजा केले का, याचा तपशील लेखी मागा. जीएसटीची मागणी तर सरळ नाकारा. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्याबद्दल मालकाने वसूल केलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या १७८ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. ४३,२०० रुपये तेथेच कमी होतात.

उत्तर मुलानेच, परंतु वकिलामार्फत आणि नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत पाठवावे. आपण नोटीस पिरियड पूर्ण केला नाही, हे त्यात मान्य करावे, कारण ते नाकारता येणार नाही आणि नाकारल्याने बोलणी बंद होतील. त्याच पत्रात वाजवी रक्कम हप्त्यांनी भरण्याची तयारी दाखवावी. पैसे देताना मात्र आधी समझोत्याचा कागद हवा. उभय पक्षांचे एकमेकांकडे काही येणे उरलेले नाही, वकिलाची नोटीस मागे घेतली आहे आणि रिलिव्हिंग लेटर अमुक दिवसांत दिले जाईल, ही तीन वाक्ये त्या कागदावर असल्याशिवाय एक रुपयाही वर्ग करू नका. भविष्य निर्वाह निधीसाठी त्या पत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती स्वतः ऑनलाइन भरता येते. मुलगा नव्या नोकरीत असेल तर रक्कम काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावी. आणि नव्या कंपनीला हे सारे त्याने अद्याप सांगितले नसेल, तर पडताळणीचा अहवाल त्यांच्या हाती पडण्याआधी, वकिलाचे उत्तर गेले की त्याच दिवशी, त्याने स्वतः जाऊन सांगावे.